टंचाईतील पाणी : मोजमाप, क्रम आणि न्याय

नळाचे अथवा टँकरचे पाणी कमी झाले, की जेवढे आले तेवढ्यातच भागवण्याचे बंधन प्रत्येक घरावर येते. हे बंधन शहाणपणाने कसे पाळावे, हे समजून घेणे हा या पाठाचा हेतू आहे.

टंचाई आपल्या जिल्ह्याला अपरिचित नाही. २०१७ चा पावसाळा अपुरा झाला, निळोणा व चापडोह हे जलाशय आटले आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहरातील नळांना अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येऊ लागले. त्यापूर्वी मार्च २०१६ मध्ये लातुरात पाणवठ्यांवर जमावबंदी लागू करावी लागली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. फुलसावंगीचा परिसर पैनगंगेच्या खोऱ्यातला. परंतु येथील जमिनीखालचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवत नाही. ते केवळ भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. म्हणून पावसाळ्यात भरलेली विहीर उन्हाळ्यात तळ गाठते.

प्रथम मोजमाप. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरवले आहे. टंचाईत टँकरने पुरवठा करताना हे प्रमाण माणशी २० लिटर धरले जाते. म्हणजे पाच माणसांच्या घराला २७५ लिटरऐवजी १०० लिटर. पाचही जणांनी १५ लिटरच्या एकेका बादलीने स्नान केले, तर ७५ लिटर तेथेच संपतात. उरलेल्या २५ लिटरमध्ये पिणे, स्वयंपाक, भांडी, कपडे व शौचालय भागवावे लागते. ते भागणे शक्य नाही, हे आकडेच सांगतात.

म्हणून क्रम ठरवावा. पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी आधी बाजूला काढावे. त्यानंतर हात धुण्याचे व भांड्यांचे. हात धुण्यात काटकसर करू नये. अतिसारासारखे आजार तेथूनच शिरतात. स्नान व कपडे यांचा वाटा शेवटी. कपडे खळबळलेले पाणी शौचालयासाठी आणि तांदूळ-डाळ धुतलेले पाणी झाडांसाठी वापरावे. साठवलेले पाणी झाकून ठेवावे व लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढावे. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. अन्यथा डेंग्यू पसरवणारे डास त्यातच वाढतात.

शेवटी न्याय. पाणी कमी पडते तेव्हा ते कोणाला आधी मिळते, यावरून समाजाची परीक्षा होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, ते समान हक्कासाठी. न्यायालयीन लढा पुढे दहा वर्षे चालला; १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी टँकरच्या रांगेत वशिल्याला जागा देऊ नये. ज्या घरी एकटी वृद्धा अथवा आजारी माणूस आहे, तेथील हंडा शेजाऱ्यांनी भरावा. घरातही पाणी वाहण्याचे ओझे केवळ स्त्रियांवर व मुलींवर नसावे. पाण्याच्या खेपांसाठी शाळा बुडवणारी मुलगी त्या टंचाईची किंमत पुढे आयुष्यभर मोजते.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी एक दिवस आपल्या घरच्या पाण्याचा लिटरमध्ये हिशेब मुलांकडून लिहून घ्यावा. टंचाई येण्यापूर्वी केलेला हा अभ्यास टंचाईत उपयोगी पडेल.