तालीम

‘तालीम’ हा शब्द तुम्ही घरी नेहमी ऐकता. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण. मराठीत मात्र ‘आज सहा वाजता तालीम आहे’ असे कोणी म्हणाले, तर समजावे की नाटकाचा सराव आहे. पहिलवान जिथे कुस्ती शिकतात त्या जागेलाही मराठीत तालीमच म्हणतात. जुन्या नाटक मंडळ्यांत प्रत्येक नटाला त्याच्या वाट्याची वाक्ये हाताने उतरवून देत. त्या कागदांना ‘नक्कल’ म्हणत. पडदा तर तुमच्याच भाषेतून आलेला! आणि ‘हौस’ हा शब्द मूळ अरबी ‘हवस’ पासून आला. उर्दूत त्याचा अर्थ लोभ असा वाईट आहे; मराठीत तो शब्द चांगला झाला. पैशासाठी नव्हे, तर केवळ आवडीने नाटक करणाऱ्याला मराठीत ‘हौशी नट’ म्हणतात.

अशा नटांची दिवसाची ओळख वेगळीच असते. कोणी बँकेत कारकून असतो, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर. डॉ. श्रीराम लागू नाक-कान-घशाचे डॉक्टर होते. अनेक वर्षे दवाखाना सांभाळून ते नाटकात काम करत. १९६९ मध्ये त्यांनी तो व्यवसाय सोडून पूर्ण वेळ रंगभूमीला दिला.

डॉ. जब्बार पटेल यांची गोष्ट मला अधिक आवडते. त्यांचा जन्म १९४२ साली पंढरपूरचा. शाळा सोलापुरात झाली आणि तिथेच त्यांना नाटकाची गोडी लागली. पुढे पुण्यात डॉक्टरीचे शिक्षण घेताना ती सुटली नाही. डॉक्टर झाल्यावर त्यांनी दौंडला दवाखाना काढला. दौंड पुण्यापासून सुमारे पाऊणशे किलोमीटर आहे. लहान मुलांना तपासायचे दौंडला आणि नाटक करायचे पुण्यात!

१९७२ साली त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवले. त्यात नाना फडणविसांचे काम करणारे मोहन आगाशे हेही डॉक्टर, मनोविकारांचे. या नाटकात रंगवलेल्या पडद्यांची गरजच नव्हती. एका ओळीत उभे राहिलेले नट गात, नाचत, आणि पाठ फिरवली की त्यांचीच भिंत होई. भिंत उघडली की मागचे पात्र पुढे येई. म्हणजे माणसांचाच पडदा! या ओळीतल्या एकाचे पाऊल चुकले तर सगळी भिंत मोडते. म्हणून त्यांना किती तालमी कराव्या लागल्या असतील, याचा विचार करा.

नाटक गाजले, पण त्यावर मोठा वादही झाला. ज्या संस्थेने ते केले होते तिने प्रयोग थांबवले. हौशी मंडळींना पगार नसतो. ती घरी जाऊ शकत होती. ती गेली नाहीत. १९७३ मध्ये त्यांनी ‘थिएटर अकादमी’ ही नवी संस्था काढली आणि नाटक पुन्हा उभे केले. १९८० मध्ये ते युरोपातही जाऊन आले.

उर्दूतही असे उदाहरण आहे. हबीब तन्वीर यांचा जन्म रायपूरचा आणि कॉलेजचे शिक्षण नागपूरचे. शाळेत असल्यापासून ते नाटकात काम करत. १९५४ मध्ये दिल्लीत त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक केले. त्यातले नट होते जामिया मिल्लियाचे विद्यार्थी आणि जवळच्या ओखला गावचे रहिवासी. गोष्ट साधी आहे. एका काकडीवाल्याची काकडी विकत नाही. काकडीवर कविता करून द्या, म्हणून तो शायरांच्या मागे लागतो. कोणी ऐकत नाही. शेवटी नज़ीर अकबराबादी कविता देतात आणि काकडी खपते. गंमत अशी की नज़ीर स्वतः रंगमंचावर एकदाही येत नाहीत!

तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन जवळ आले की मराठी नाटुकल्यासाठी नावे विचारली जातात. ‘आमची मराठी कच्ची आहे’ असे म्हणून बरीच मुले मागे सरतात. मला वाटते, कच्ची असेल तर आधी नाव द्यावे. ‘गाळ’ आणि ‘गाल’ यांतला फरक वहीत लिहून कळतो, पण जिभेला कळत नाही. ‘विहिरीतला गाल काढा’ असे रंगमंचावर म्हणाल, तर सभागृह हसेल. तालमीत तेच वाक्य वीस वेळा म्हणाल, तर ‘ळ’ आपोआप जागेवर येईल. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळे आहेत, हेही तिथेच कानाला समजते. पाठांतराच्या परीक्षेत एकटे उभे राहावे लागते. तालमीत समोरचा मित्र तुमच्या वाक्याची वाट पाहत असतो. तुम्ही थांबलात तर तोही थांबतो. त्यामुळे त्याचीही वाक्ये तुम्हाला पाठ होतात.

मोठे काम मिळाले नाही तरी चालेल. पडद्याआड उभे राहून, कोणी विसरले तर हळूच पुढचा शब्द सांगणारा एक जण लागतो. त्याला सगळे नाटक वाचता यावे लागते, आणि टाळ्या संपेपर्यंत तो कोणाला दिसत नाही. पहिल्या वर्षी ते काम मागून घ्या.