डब्यापलीकडची काळजी

प्रास्ताविक

घरी आलेल्या मुलाच्या हातावर काही खाऊ ठेवल्याशिवाय त्याला परत पाठवू नये, ही आपल्याकडील जुनी रीत. परंतु प्रेमाने दिलेला हा खाऊच एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. अशा मुलांच्या पालकांनी एकमेकांना दिलेल्या आधाराची ओळख प्रस्तुत पाठातून करून घ्यावयाची आहे.

पाठ

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये घडविला. 'वेगळे' आणि 'कार्य' या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. निरुपद्रवी पदार्थालाच शत्रू समजून शरीराची प्रतिकारयंत्रणा वेगळे कार्य करू लागते, ती ही अवस्था. दूध, अंडी, शेंगदाणे, काजू, अक्रोड, तीळ, गहू, सोयाबीन, मासे, कोळंबी यांपैकी एखादा पदार्थ काही मुलांना सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. क्वचित श्वास कोंडतो आणि रक्तदाब घसरतो. या तीव्र अवस्थेला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. अशा वेळी मांडीच्या स्नायूत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन विनाविलंब देणे आणि रुग्णालय गाठणे, हाच उपाय असतो.

आई आपल्या स्वयंपाकघरावर लक्ष ठेवू शकते. पण मूल उंबरठा ओलांडते, तेव्हा काय? शाळेत मैत्रिणीचा डबा असतो, शेजारी वाढदिवस असतो, देवळात प्रसाद असतो. कोशिंबिरीतील किंवा भरल्या वांग्यातील दाण्याचे कूट सहज ओळखू येत नाही. "एका घासाने काय होते?" असे वडीलधारी मंडळी मायेने म्हणतात. आईने नको म्हटले, तर "नसते खूळ" असा शेराही मिळतो. भीतीपेक्षाही हे एकटेपण पालकांना अधिक खचविते.

हे एकटेपण पालकांनी एकत्र येऊन कसे दूर केले, याचे एक बोलके उदाहरण ब्रिटनमधील आहे. तेथे १९९३ मध्ये डेव्हिड रीडिंग यांची सतरा वर्षांची कन्या सेरा हिने बाहेर खाल्लेल्या एका गोड पदार्थात शेंगदाणे होते. त्यामुळेच तिचा मृत्यू झाला. दुःखात बुडून न जाता रीडिंग यांनी तीच भीती उराशी बाळगणाऱ्या कुटुंबांना एकत्र आणले आणि १९९४ मध्ये 'ॲनाफिलॅक्सिस कॅम्पेन' ही संस्था उभी राहिली. पालकांच्या शंकांना दूरध्वनीवरून उत्तरे देणे, शाळांना माहिती पुरविणे, खाद्यउद्योगाशी व शासनाशी बोलणे ही कामे तिने हाती घेतली.

याच देशातील पंधरा वर्षांची नताशा एडनान-लापरूझ २०१६ मध्ये विमानतळावर घेतलेला पाव खाऊन दगावली. त्यात तीळ होते. वेष्टनावर मात्र त्यांचा उल्लेख नव्हता. तिच्या आईवडिलांनी नेटाने पाठपुरावा केला. विक्रीच्या जागीच बनवून वेष्टनात बांधलेल्या खाद्यपदार्थांवरही सर्व घटकांची यादी छापणे १ ऑक्टोबर २०२१ पासून बंधनकारक झाले. हा नियम 'नताशाचा कायदा' म्हणूनच ओळखला जातो. एका घराची वेदना अशा रीतीने अनेक घरांचे संरक्षण ठरली.

पालकांच्या मंडळाचे मोल केवळ धीर देण्यात नाही. वेष्टन कसे वाचावे, शिक्षकांना काय सांगावे, सहलीला जाताना औषध कोणाजवळ द्यावे, हे अनुभवी आई नवख्या आईला शिकविते. मात्र अनुभव हा वैद्यकीय सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. धोका असलेल्या बालकांना शेंगदाण्यापासून दूर ठेवावे, असा सल्ला पूर्वी दिला जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश संशोधनाने वेगळेच दाखविले. अशा तान्ह्या मुलांना तपासणीनंतर वेळीच शेंगदाण्याचे पदार्थ देऊ लागल्यास त्या ॲलर्जीचे प्रमाण पुष्कळ घटते, असे त्यातून आढळले. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून कोणताही पदार्थ मुलाला देऊ नये वा बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

भारतातही अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी वेष्टनबंद पदार्थांवर ॲलर्जीकारक घटकांची नोंद आवश्यक ठरविली आहे. पण पंगतीतील पानावर किंवा मैत्रिणीच्या डब्यावर वेष्टन नसते. तेथे वाढणाऱ्याचा प्रश्न हेच वेष्टन! "बाळ, तुला काही वर्ज्य आहे का?" एवढे विचारणारा शेजारी, शिक्षक वा आचारी हादेखील त्या पालकांच्या आधाराचाच एक दुवा असतो. आग्रहात माया असतेच. विचारण्यात ती अधिक असते.

शब्दार्थ

निरुपद्रवी – अपाय न करणारे. गांधी – अंगावर उठणारे खाजरे चट्टे. वर्ज्य – टाळावयाचे. वेष्टन – पदार्थावरील आवरण.

स्वाध्याय

१. 'भीतीपेक्षाही एकटेपण पालकांना अधिक खचविते' या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
२. 'नताशाचा कायदा' कोणत्या घटनेतून निर्माण झाला?
३. 'वाढणाऱ्याचा प्रश्न हेच वेष्टन' या वाक्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरी जेवावयास येणाऱ्या मुलाच्या आईशी होणारा संवाद आठ-दहा वाक्यांत लिहा.