शिवलेले जहाज

आपल्या संग्रामपूर तालुक्यातल्या पुष्कळ माणसांनी समुद्र पाहिला नसेल. तरी आज आम्ही जहाजाची गोष्ट सांगणार आहोत. कारण ह्या जहाजाचे मूळ आपल्या शेजारच्या डोंगरात आहे.

बुलढाण्याच्या घाटावरून जी डोंगरांची रांग जाते, तीच पुढे अजिंठ्याला जाते. तेथे खडकात कोरलेली लेणी आहेत. २ नंबरच्या लेण्यात भिंतीवर एका जहाजाचे चित्र आहे. ते सुमारे १५०० वर्षांपूर्वीचे. जहाजावर तीन उंच शिडे आहेत. आत रांजण मांडलेले आहेत.

अशी जहाजे माल घेऊन दूरदेशी जात. ती कशी बांधायची, याचा त्या काळचा नकाशा मात्र उरलेला नाही. चित्र तेवढे उरले.

त्या काळचे जहाज पुन्हा बांधायचे, असे ठरले. २०२३ साली भारत सरकारचे संस्कृती खाते, नौदल आणि गोव्यातली एक जहाज बांधणारी कंपनी यांचा करार झाला. त्याच वर्षी गोव्यात काम सुरू झाले.

आता अडचण पाहा. समजा, आपल्या सुताराला आपण बैलगाडीचे चित्र दिले आणि म्हटले, "दादा, अशी गाडी करून द्या." तो लगेच विचारील, "आस केवढा घेऊ? चाकाला आरे किती?" चित्र एकाच बाजूचे असते. जहाजाचेही तसेच झाले. तळ कसा असावा, पाण्यात किती बुडावा, हे चित्र सांगत नव्हते.

मग शिकलेले आणि कसबी, दोघे एकत्र आले. मद्रासच्या आय.आय.टी. संस्थेतल्या तज्ज्ञांनी लहान नमुना करून पाण्यात तपासला. नौदलाने हिशेब मांडले. बांधणी केली ती केरळच्या कारागिरांनी. बाबू शंकरन हे त्यांचे प्रमुख.

ह्या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत. त्या शिवल्या आहेत! आपल्या घरी वाकळ शिवतात, तशा. फळ्यांच्या कडांना भोके पाडायची. त्यांतून काथ्याची दोरी ओवायची. सांध्यावर नारळाचे धागे दाबून बसवायचे आणि दोरी आवळायची. वरून राळ लावायची, म्हणजे पाणी आत येत नाही. असे हजारो टाके घातले. शिवलेला सांधा थोडा लवतो. लाट आदळली की फळ्या जराशा हलतात, पण फुटत नाहीत.

२१ मे २०२५ रोजी कारवारला हे जहाज नौदलात दाखल झाले. त्याचे नाव 'कौंडिण्य'. ह्या नावाचा एक भारतीय दर्यावर्दी पूर्वी समुद्र ओलांडून पूर्वेकडच्या देशांत गेला, अशी कथा आहे. जहाजाची लांबी सुमारे ६५ फूट. इंजिन नाही. वारा नेईल तसे जायचे. २९ डिसेंबर २०२५ ला ते गुजरातेतल्या पोरबंदरहून निघाले. १४ जानेवारी २०२६ ला, ऐन संक्रांतीला, ते ओमान देशातल्या मस्कतला पोचले. वाट सुमारे १४०० किलोमीटरची!

मंडळी, चित्र नसते तर जहाजाचे रूप कळले नसते. आणि कारागिरांचे हात नसते तर चित्र भिंतीवरच राहिले असते. ही विद्या बापाकडून लेकाकडे आली. मध्ये एक पिढी तुटली असती, तर सारे संपले असते.

आपल्या गावात काय आहे? तिफणीचे फण किती तिरपे बसवायचे, हे सुताराला ठाऊक. आपला हा खारपाणपट्टा. कोणत्या विहिरीचे पाणी गोडे, हे म्हाताऱ्यांना ठाऊक. पण लिहिलेले कोठेच नाही. नुसते लिहून हात तयार होत नाही, हे खरे. पण लिहिलेले असले की पुढच्याला वाट तरी सापडते.

आता तुम्हाला लिहिता येते. एक वही करा. जाणत्या माणसाजवळ बसा, विचारा, लिहून घ्या. एखादे अक्षर चुकले तरी चालेल. माहिती हरवू देऊ नका.

शब्दांचे अर्थ
शीड : वारा धरण्यासाठी जहाजावर बांधलेले मोठे कापड
काथ्या : नारळाच्या सालीचा धागा
राळ : झाडाचा चिकट डिंक
दर्यावर्दी : समुद्रावर फिरणारा

प्रश्न
१. जहाजाचे चित्र कोठे आहे?
२. फळ्या कशा जोडल्या?
३. तुमच्या गावातली कोणती माहिती लिहून ठेवली पाहिजे? पाच ओळी लिहा.