नुसतं बटण दाबायला जपान कशाला?

‘सीएनसीवर आहे’ असं सांगणारी माणसं दोन तऱ्हेची असतात. एक जॉब लावतो, दार ओढतो, हिरवं बटण दाबतो, जॉब काढतो. दुसरा ड्रॉइंग वाचतो, टूल ठरवतो, ऑफसेट घेतो, पहिला जॉब मोजून पास करतो. पहिला ऑपरेटर, दुसरा सेटर. ऑपरेटरच्या जागी कधीही रोबो येऊ शकतो. जपानमध्ये बऱ्याच ठिकाणी तो आलेलाच आहे. म्हणून तिकडे जायचं तर सेटर व्हायला जा.

मी टर्नर ट्रेडचा. आयटीआय करून थोडे दिवस एमआयडीसीत काढले आणि तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजनेतून जपानच्या आइची प्रांतात गेलो. या योजनेचा भारत-जपान करार ऑक्टोबर २०१७ मधला. आइची म्हणजे टोयोटाचा मुलूख. माझाक आणि ओकुमा या मशीन बनवणाऱ्या दोन्ही बड्या कंपन्यांची मुख्यालयं तिथल्या ओगुची गावात आहेत. मला मिळालेली कंपनी मात्र लहान, सुटे भाग पुरवणारी. तिथं कित्येक महिने मी जॉब लावत-काढत होतो, मधल्या वेळात बर घासत होतो. करारात ‘मशीनिंग’ लिहिलं होतं आणि तेही काही खोटं नव्हतं! त्या योजनेत सहसा कंपनी बदलता येत नाही, त्यामुळे कुरकुर करून उपयोग नव्हता.

सेटिंगला हात का लावू देत नाहीत, ते हळूहळू उमगलं. एक कारण भाषा. परीक्षेपुरती एन-४ पातळीची जपानी यायची, पण कूलंटच्या आवाजात सेटर काय सांगतोय ते कळायचं नाही. अशा वेळी आपली पोरं ‘हाय, हाय’ म्हणून मान डोलावतात. तिथल्या लोकांच्या ते बरोबर लक्षात येतं. न कळता हो म्हणणाऱ्याच्या हातात कोण लाखमोलाचं मशीन देईल? ‘कळलं नाही, पुन्हा सांगा’ हे वाक्य जपानीत सगळ्यात आधी पाठ करा.

दुसरं कारण ड्रॉइंग. आपल्याकडे फर्स्ट अँगल शिकवतात, जपानमध्ये थर्ड अँगल चालतो. आपल्या पद्धतीत उजव्या अंगाचं चित्र डावीकडे काढतात. त्यांच्यात उजव्या अंगाचं उजवीकडेच. माझ्यासोबतच्या एका मुलानं जुन्या सवयीनं आडवं भोक भलत्याच अंगाला पाडलं. माप अचूक, जॉब भंगारात. सुपरवायझर ओरडला नाही. त्यानं जॉब पुसून ड्रॉइंगवर ठेवला आणि कोपऱ्यातल्या शंकूच्या छोट्या चिन्हावर बोट टेकवलं. ते चिन्ह बघितल्याशिवाय मी आजही ड्रॉइंग वाचत नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटाला तिथं मूलभूत कौशल्य परीक्षा असते, लेखी आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकाचा सराव हवा म्हणून मी सुट्टी झाल्यावर मशीन मागितलं, आणि नाही म्हणणं त्यांनाही जड गेलं. सेटिंगची दारं मला तिथून उघडली. हा रस्ता तुम्हालाही मोकळा आहे.

निघण्याआधी इथं करायच्या गोष्टी अशा. साध्या लेथवर हात बसवा; टूल घासलंय की नाही हे चिपच्या रंगावरून आणि आवाजावरून कळतं, स्क्रीनवरून नाही. प्रोग्रॅममध्ये पॉइंट द्यायला विसरू नका. फानुकच्या बऱ्याच मशीनवर पॉइंट न देता एक्स ५० टाकलं तर मशीन ते ५० मिलिमीटर धरत नाही, ५० मायक्रॉन धरतं. पाठवणाऱ्या संस्थेनं अनामत मागितली किंवा कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतो म्हटलं तर सरळ नकार द्या. जपानच्या कायद्यात दोन्हीला बंदी आहे.

ही योजना आता बदलते आहे. २०२४ च्या कायद्यानुसार एप्रिल २०२७ पासून तिची जागा नवी व्यवस्था घेणार असून तिच्यात ठरावीक मुदतीनंतर, काही अटींवर कंपनी बदलायची सोय आहे. पण हातात सेटिंग नसेल तर दुसरी कंपनीही बटणापाशीच उभं करणार.

मुलाखतीत पगार सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, ‘सेटिंग कोण शिकवणार आणि कितव्या महिन्यापासून?’ शक्य असेल तर त्याच कंपनीत राहून आलेल्या एखाद्या मुलालाही गाठून हेच विचारा. दोन्ही उत्तरं जुळली तर सही करा.