लिंकच्या कमांडची पुस्तिका तपासताना

प्रश्न : मी खोर फक्कानच्या बंदरात नेटवर्क विभागात काम करतो. नेटवर्क लिंक सांभाळणाऱ्या कमांडच्या माहितीपुस्तिकेचा मसुदा तपासायला मिळाला आहे. शुद्धलेखनापलीकडे काय पाहू? – एक वाचक

उत्तर : मसुदा खुर्चीत बसून वाचू नका, चाचणीच्या मशीनवर प्रत्येक उदाहरण जसेच्या तसे टाइप करून पाहा. लिहिलेला आणि पडद्यावर दिसलेला निकाल जुळला नाही, तर ती पहिली नोंद.

दुसरे, बदल किती टिकतो हे प्रत्येक कमांडपाशी लिहिलेले हवे. लिनक्सच्या ‘आयपी लिंक’ने केलेला बदल मशीन पुन्हा सुरू होताच जातो. सोलारिसच्या ‘डीएलएडीएम’चे बदल मात्र सहसा कायम राहतात, तात्पुरत्या बदलासाठी ‘-टी’ हा पर्याय द्यावा लागतो. एकीची सवय घेऊन दुसरीकडे जाणारा माणूस इथेच फसतो.

तिसरे, धोक्याची सूचना कमांडच्या आधी हवी. दूरवरून जोडलेल्या माणसाने तीच लिंक बंद केली, तर परतीची वाटच तुटते. मग बंदरावर भर उन्हात यंत्रापर्यंत चालत जावे लागते.

चौथे, उदाहरणांत खरे पत्ते नकोत. आरएफसी ५७३७ ने १९२.०.२.० ते १९२.०.२.२५५ हे पत्ते अशा लेखनासाठीच राखून ठेवले आहेत.

शेवटी, नुसते ‘हे कळत नाही’ असे लिहू नका. पर्यायी वाक्यही सुचवा. रात्रपाळीत एकट्याने ही पुस्तिका उघडणाऱ्या सहकाऱ्यासाठी तुम्ही हे काम करत आहात.