नहलाल : एकमेकांच्या हमीवरचे गाव



मोशाव आणि किबुत्स हे शब्द आपली मंडळी पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतात, म्हणून या खेपेस पहिल्या मोशावाची माहिती देत आहे.

नहलाल हे नाव जुने. यहोशवाच्या पुस्तकात जबुलून वंशाच्या नगरांत ते येते. आजचे गाव ११ सप्टेंबर १९२१ रोजी इज्रेलच्या खोऱ्यात वसले. वसविणारे पूर्व युरोपातून आलेले होते. त्यांपैकी काहीजण दगान्यात राहून आलेले. तेथील सर्व काही सामाईक असण्याची रीत त्यांना मानवली नाही. जमीन बेरूतच्या सुरसॉक घराण्याकडून विकत घेतलेली. ती कसणाऱ्या अरब कुळांना मात्र निघून जावे लागले, हेही सांगितले पाहिजे. दलदल व हिवताप यांच्याशी प्रथम झगडावे लागले.

आराखडा रिचर्ड काउफमान या वास्तुशास्त्रज्ञाचा. गाव बैलगाडीच्या चाकासारखे गोल. मध्ये सार्वजनिक इमारती व शिक्षकादिकांची घरे, भोवती शेतकऱ्यांची घरे व गोठे, आणि आऱ्यांप्रमाणे पसरलेली शेते. सुमारे ८० कुटुंबे, प्रत्येकास १०० दुनाम, म्हणजे जवळजवळ २५ एकर.

जमीन केरेन कायेमेतची. घर, गुरे व पीक ज्याचे त्याचे. मजूर लावायचा नाही (हा नियम पुढे बराच सैल झाला). खरेदी-विक्री सर्वांची मिळून. शेताचा वारस एकच. आपल्या कोकणात भावाभावांच्या वाटण्या होत होत शेताचे तुकडे झाले, तसे येथे होऊ दिले नाही. बाकीच्या मुलांना मात्र दुसरीकडे पोट भरणे आले.

सर्वांत महत्त्वाची ती परस्पर हमी. एकाच्या कर्जाला सारे गाव जामीन! पत नसलेल्या नवागतांना तिनेच उभे केले. १९४८ नंतर अशीच शेकडो गावे वसली. नेवातीममध्ये १९५४ पासून आपले कोचीनचे बंधू आले.

पुढे हीच हमी गळ्याशी आली. १९८५ साली महागाई आवरण्याची सरकारी योजना आली, व्याज भरमसाट वाढले आणि ज्याने एक पैसा उचलला नव्हता तोही कर्जदार ठरला. हमीलाच दोष देणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. शेजाऱ्याने गायीसाठी काढलेले कर्ज गावाला दिसत होते. प्रादेशिक खरेदी संघांनी बँकांकडून काय उचलले, ते शेतकऱ्याला कोठे दिसत होते? अखेर काही कर्ज माफ करून उरलेल्याची फेड ठरविण्यासाठी १९९२ साली क्नेसेतला खास कायदा करावा लागला.