जो पाइप विझत नाही

उमरगा तालुक्यात माझे कृषी सेवा केंद्र आहे. हंगामात दिवसभर फवारणीच्या औषधांच्या बाटल्या हातात असतात आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बाटलीवरचा त्रिकोण दाखवावा लागतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. पंपाला किती मिली टाकायचे, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, अंगावर सांडले तर काय करायचे, पोटात गेले तर डॉक्टरांनी कोणता उतारा द्यायचा, हे सारे बाटलीवर आणि सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले असते. लेबल नसलेली बाटली कोणी फुकट दिली तरी मी दुकानात ठेवत नाही. हे आधी सांगतो, कारण काही वर्षे मी रोज ज्या बाटलीतले द्रव्य फुफ्फुसात ओढत होतो, तिच्यावर आंब्याच्या चित्राखेरीज काहीच नव्हते.

ती बाटली बॅटरीवर चालणाऱ्या पाइपाची. जुन्या चित्रपटांत साहेब लोक तोंडात धरतात तसाच आकार: वाकडी दांडी, पुढे वाटीसारखे तोंड, वरून लाकडाचा रंग. वाटीत तंबाखूऐवजी लिथियमची बॅटरी, दांडीत द्रव्याची छोटी टाकी, टाकीत कापसाची वात आणि तिच्याभोवती तारेचे वेटोळे. ओढले की तार तापते, वातीतले द्रव्य वाफ होऊन येते आणि वाटीत निखाऱ्यासारखा लाल दिवा लागतो. आखातात कामाला असलेल्या नात्यातल्या एका मुलाने तो आणला. “मामा, याने तुमची सिगारेट सुटेल,” म्हणाला. त्याच्या मनात चांगलेच होते.

सिगारेट कमी झाली, पुरती सुटली नाही. पाइप मात्र दिवसभर तोंडात राहू लागला. असे का झाले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि इतरांना सांगण्यासारखे माझ्याकडे जे आहे ते त्यातच आहे.

आपल्याकडे विडी-सिगारेट ओढणाऱ्याला बरेच लगाम असतात, आणि त्यातला एकही त्याच्या निश्चयातून आलेला नसतो. विडी जळत जळत बोटापर्यंत येते आणि चटका देऊन संपते. पुढची ओढायची तर पुन्हा काडी पेटवावी लागते. पाकीट रिकामे होते, टपरीवर जावे लागते, पैसे मोजावे लागतात. कपड्यांना वास येतो, बायको बोलते. कडक धुराने ठसका लागतो. आणि सर्वांत मोठा लगाम वडीलधाऱ्यांचा. वडील होते तोवर मी त्यांच्यासमोर कधी सिगारेट काढली नाही. गोठ्यामागे जायचे, ओढायची, तोंड धुऊन परत यायचे. दर वेळी उठून जावे लागे, म्हणून किती वेळा गेलो हे मनात राहायचे. आमच्या भागात पारावर चिलीम चालायची तिलाही रीत होती. विस्तव आणायचा, साफी भिजवायची, चार माणसांत फिरवायची. चिलीम थंड झाली की बैठक उठली. चिलमीने कुणाचे भले झाले असे मी म्हणत नाही, तिने छाती खोकून खोकून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. पण तिला शेवट होता.

या पाइपाला शेवट नाही. तो विझत नाही, थोटूक उरत नाही, राख पडत नाही. वास आंब्याचा, त्यामुळे घरात कुणी हरकत घेत नाही. मी तो आईसमोर ओढला. हिशेबाच्या वहीशेजारी, गिऱ्हाइकाशी बोलताना, अंथरुणात ओढला. पुढे रात्री झोप मोडू लागली आणि हात उशाखाली जाऊ लागला. सिगारेटच्या सगळ्या काळात मी झोपेतून उठून कधी ओढली नव्हती. व्यसन किती खोल गेले आहे हे पाहताना डॉक्टर विचारतात, की सकाळी जाग आल्यावर पहिला झुरका किती वेळाने लागतो. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर ओढ जबर आहे असे समजतात. माझा पाय जमिनीला लागायच्या आत लागत होता.

त्यातच नव्या प्रकारच्या द्रव्यात निकोटीनसोबत बेंझोइक आम्लासारखे आम्ल मिसळून त्याचा क्षार केलेला असतो. त्याने घशाला खवखव होत नाही आणि जास्त निकोटीन सहज ओढले जाते. म्हणजे ठसक्याचा लगामही गेला. एका सिगारेटमधून माणसाच्या अंगात साधारण 1 ते दीड मिलिग्रॅम निकोटीन जाते. एका मिलीत 20 मिलिग्रॅम या ताकदीच्या द्रव्याने 2 मिलीची टाकी भरली तर टाकीत 40 मिलिग्रॅम झाले. सगळे अंगात जात नाही हे खरे, पण किती गेले हे ओढणाऱ्याला कळायला मार्ग नाही. बाजारात 50 मिलिग्रॅमचेही द्रव्य असते, आणि लेबलच नसेल तर आपल्या हातात 3 चे आहे की 50 चे, हे कोण सांगणार?

एका मे महिन्यात पाइप मोटारीत राहिला. आमच्याकडे त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने द्रव्य पातळ होऊन दांडीतून झिरपले होते. मी ते हातानेच पुसले आणि काउंटरवर कामाला लागलो. थोड्या वेळात तोंडाला पाणी सुटले, घाम फुटला, पोटात ढवळले, छाती धडधडू लागली. ही लक्षणे मला तोंडपाठ आहेत. फवारणी करताना असे काही वाटले तर काम थांबवा, कपडे काढा, साबणाने अंग धुवा आणि दवाखाना गाठा, हे मी शेतकऱ्यांना सांगत आलो आहे. मीही हात धुऊन दवाखान्यात गेलो. निकोटीन कातडीतूनही शिरते. ओल्या तंबाखूची पाने तोडणाऱ्या मजुरांना याच कारणाने मळमळ आणि चक्कर येते.

निकोटीन हे मुळात कीटकनाशक आहे, हे माझ्या धंद्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. तंबाखूचा काढा करून मावा-तुडतुड्यांवर मारायची पद्धत जुनी आहे. निकोटीन सल्फेट नावाचे औषध पूर्वी फवारणीला वापरात होते. 1992 पासून आपल्या देशात त्याच्या वापराला बंदी आहे, उत्पादन फक्त निर्यातीसाठी करता येते. आज घरोघरी माहीत असलेले इमिडाक्लोप्रिड ज्या गटात मोडते, त्या गटाचे नावही निकोटीनवरूनच पडले. तेव्हा ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याने तरी हे ऐकावे. आंब्याच्या किंवा स्ट्रॉबेरीच्या वासाची ही बाटली मुलाच्या हाती लागली आणि त्याने घोटभर जरी प्यायली तरी जिवावर बेतू शकते. घरी ओकाऱ्या काढत बसू नका. बाटली बरोबर घ्या आणि तडक दवाखान्यात जा.

देखण्या नळीच्या वाटेने तंबाखू मोगल दरबारात शिरल्याची एक नोंद आहे आणि ती आमच्या शेजारची आहे. अकबराचा वकील असदबेग 1604 च्या सुमारास विजापूरच्या दरबारातून परतला, तेव्हा त्याने तिथे प्रथम पाहिलेली तंबाखू बरोबर नेली आणि बादशहासाठी रत्नजडित नळीही करवून घेतली. त्या वेळी विजापुरात दुसरा इब्राहिम आदिलशहा राज्य करत होता आणि आमचा नळदुर्ग त्याच्याच अमलात होता. अकबराच्या दरबारातल्या हकिमाने विरोध केला, ही वनस्पती आपल्या ग्रंथांत नाही, तिचे गुणदोष माहीत नाहीत म्हणाला. बादशहाने तरी दोन-चार झुरके घेतले, सरदारांनी मागितली, आणि ती पसरली. 1617 मध्ये जहांगिराने बंदी घातली तोवर उशीर झाला होता. त्या हकिमाचा प्रश्न मला आजही अगदी रास्त वाटतो: गुणदोष माहीत नसलेली वस्तू माणसाच्या अंगात का घालायची?

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे यंत्र आजच्या रूपात 2003 मध्ये चीनमधल्या होन लिक या औषधतज्ज्ञाने बनवले. त्याचे वडील फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले आणि तो स्वतः फार सिगारेटी ओढायचा. जाळ नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातले डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात येत नाही, हे खरे आहे. ब्रिटनमध्ये सिगारेट सोडू पाहणाऱ्याला डॉक्टर हे साधन सुचवतात, आणि काहींना त्याचा उपयोग झाल्याचे अभ्यासही आहेत. पण तिथे एका मिलीत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन विकता येत नाही, टाकी 2 मिलीहून मोठी चालत नाही, बाटलीला लहान मुलाला न उघडणारे झाकण लागते, आणि सोडणाऱ्याच्या पाठीशी समुपदेशक असतो. उमरग्यातल्या माणसाच्या हातात येते ती कुणीतरी खिशातून काढून दिलेली, बिल नसलेली वस्तू. तिकडचा दाखला देऊन इकडची बाटली ओढणे म्हणजे कापसाच्या औषधाचा डोस वाचून भाजीवर फवारणे. अमेरिकेत 2019 मध्ये अशाच बेभरवशाच्या मालाने फुफ्फुसांचा आजार पसरला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण नोंदले गेले आणि 68 जण दगावले. मुख्य संशयित ठरले व्हिटॅमिन ई ॲसिटेट, गांजाच्या अर्काच्या बेकायदा भरणीत मिसळलेले तेलकट द्रव्य. ओढणाऱ्यांना ते आत आहे याचा पत्ताही नव्हता.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. 18 सप्टेंबर 2019 पासून अशा यंत्रांचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठवणुकीलाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. यंत्राचा आकार कसाही असो, नाव काहीही असो, निकोटीन असो वा नसो, कायदा लागू होतो. म्हणून “हा पाइप आहे, सिगारेट नाही” किंवा “यात निकोटीन नाही” या सबबी चालत नाहीत. परदेशातून येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना हे आधीच फोनवर सांगा. हौसेने आणलेली भेट विमानतळावर अडचणीची ठरते.

सोडण्याबद्दल. मी आधी द्रव्य संपले की सोडू असे ठरवत होतो, आणि संपण्याच्या आत दुसरी बाटली येत होती. उपयोग झाला तो जुने लगाम पुन्हा बांधल्याने. पाइप दुकानात न्यायचा नाही, घरात ओढायचा नाही. ओढायचा तर पूर्वीसारखे गोठ्यामागे उठून जायचे. एवढ्यानेच निम्मी ओढ उघडी पडली, कारण निम्मे झुरके तलफ आली म्हणून नव्हते, हात रिकामा होता म्हणून होते. उशाजवळून तो हलवणे सर्वांत जड गेले आणि सर्वांत कामाचे ठरले. मग एक तारीख ठरवून बंद केला. पहिले काही दिवस डोके धरते, चिडचिड होते, झोप लागत नाही, पोट साफ होत नाही. तीन-चार आठवड्यांत हे ओसरते. त्या काळात घरच्यांनी माणसाच्या बोलण्याचा राग धरू नये.

निकोटीनचे 2 मिलिग्रॅमचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते. त्यावर ताकद छापलेली असते आणि एक चघळून संपले की संपते, हा मोठा फरक आहे. आपल्या भागात तंबाखूचा बार भरायची सवय असलेले लोक ते भराभर चावून रस गिळतात, मग उचकी आणि जळजळ होते. सावकाश चावायचे, तिखटसर चव आली की गालाच्या कोपऱ्यात ठेवून द्यायचे, चव गेली की पुन्हा चावायचे. चहा प्यायल्यावर लगेच घेऊ नका, निकोटीन नीट शोषले जात नाही. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि एक महत्त्वाचे: डॉक्टर “विडी-सिगारेट आहे का?” असे विचारतात आणि पाइपवाला सरळ “नाही” म्हणतो. पाइपाचे नाव घेऊन सांगा. नाहीतर धडधडीचे आणि वाढलेल्या रक्तदाबाचे कारण दुसरीकडे शोधत बसतात.

मुलांच्या बाबतीत आमच्या पिढीचे डोळे चुकीच्या ठिकाणी असतात. महाराष्ट्रात 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी 24.4 टक्के लोक धूर नसलेली तंबाखू वापरणारे निघाले आणि विडी-सिगारेटवाले जेमतेम 3.8 टक्के. त्यामुळे आपण मुलांच्या खिशात पुडी शोधतो, तोंडाचा वास घेतो. या यंत्रात पुडी नाही आणि वास फळाचा. लातूर-सोलापूरला शिकायला ठेवलेल्या मुलाच्या बॅगेत पेनासारखी, पेनड्राइव्हसारखी, चार्जिंग लागणारी अनोळखी वस्तू दिसली, तो सारखा पाणी पीत असेल, घसा कोरडा म्हणत असेल, दर थोड्या वेळाने कारण काढून बाहेर जात असेल, तर शांतपणे विचारा. मारू नका. मारलेले पोर पुढच्या वेळी फक्त लपवायला शिकते. कोवळ्या वयात मेंदूची घडण चालू असते आणि निकोटीनची पकड मोठ्यांपेक्षा लवकर बसते, म्हणून ही मदत त्याला लगेच लागते.

मदतीसाठी 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय दूरध्वनी आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, ते तारीख ठरवायला मदत करतात आणि नंतर स्वतः फोन करून चौकशी करतात. जिल्हा रुग्णालयातही तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करा. फोन लावण्याआधी पाइप आणि बाटली समोर ठेवा आणि दिसेल ते सांगा.

घरातला उरलेला पाइप चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात टाकू नका. लिथियमची बॅटरी तापली की फुटते आणि तिची आग सहजी विझत नाही. बॅटरी काढता येत असेल तर काढून तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि मोबाइल दुरुस्तीवाला जुन्या बॅटऱ्या गोळा करत असेल तर त्याच्याकडे द्या. उरलेले द्रव्य नालीत, विहिरीजवळ किंवा गोठ्याच्या बाजूला ओतू नका. हातमोजे घाला, झाकण घट्ट लावा, बाटली प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधा आणि घातक कचरा वेगळा घेणाऱ्या घंटागाडीवाल्याला काय आहे ते सांगून द्या. तोवर ती कुलपात ठेवा, फवारणीची औषधे ठेवता तिथेच.